दीड वर्षाची मूळव्याध

बाबांना दीड वर्ष मूळव्याध होती. म्हणजे आम्ही सगळे तसं म्हणत होतो. आई म्हणायची, शेजारचे काकाजी म्हणायचे, औषध देणारे म्हणायचे आणि मीही म्हणायचे. मी तेव्हा नागपुरातल्याच एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, सहा वर्षं झाली होती. सकाळी सातला माझ्या टेबलावर लोकांच्या रक्ताच्या, लघवीच्या, शौचाच्या बाटल्या ओळीने उभ्या असायच्या. त्या ओळीत बाबांची बाटली कधी आली नाही.

हे २००४ सालचं. बाबा ५८ वर्षांचे होते. गोळीबार चौकाच्या मागे विणकरांच्या वस्तीत आमचं घर. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मागावर बसायचं म्हणजे पाय खड्ड्यात, कंबर वाकलेली, हातात धोटा आणि हे असं रोज आठ-दहा तास. त्यामुळे बाबांना रक्त पडतं म्हटल्यावर कुणालाच नवल वाटलं नाही. "बसून बसून होतेच बाप्पा," असं गल्लीतला जो तो म्हणाला. प्रत्येकाच्या घरात कुणाला ना कुणाला मूळव्याध झालेलीच होती.

मग जे सगळ्यांच्या घरी होतं ते आमच्याकडेही सुरू झालं. सुरणाची भाजी, जेवणावर ताक, रात्री इसबगोल. कुणीतरी नागकेशराची पुडी आणून दिली. त्याने थोडे दिवस बरं वाटायचं आणि तिथेच आम्ही फसलो. आतल्या गाठीतून रक्त रोज येतंच असं नाही. आठ दिवस येतं, पंधरा दिवस थांबतं. थांबलं की औषध लागू पडलं असं वाटतं.

बाबांची बाकीची लक्षणं मला आज पाठ आहेत. तेव्हा ती सुटी सुटी होती, एका दोऱ्यात ओवली नव्हती. जन्मभर सकाळी एकदाच संडासला जाणारे बाबा दिवसातून चार-पाचदा जायला लागले. जाऊन आले तरी पुन्हा जावंसं वाटायचं. "साफच होऊन नाई राहिलं," म्हणायचे. शेंबडासारखी आव पडायची. पायजम्याची नाडी पूर्वीपेक्षा वीतभर जास्त ओढावी लागायची. आई म्हणाली, वय झालं.

आम्ही तीन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी बाहेर बवासीर-भगंदरची मोठी पाटी होती, दुसरीकडे नुसती गर्दी. तिघांनीही ऐकून घेतलं, मलम दिलं, गोळ्या दिल्या. तिघांपैकी एकानेही बाबांना कुशीवर झोपवून, हातमोजा घालून, बोटाने आत तपासलं नाही. गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात असलेल्या पुष्कळ गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागतात. त्याला मशीन लागत नाही, उपाशीपोटी यावं लागत नाही, एक मिनिट लागतं. बाबांना ते एक मिनिट दीड वर्षाने मिळालं, एका मोठ्या दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टरकडून. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा असेल. त्याने तपासलं, मोजा काढला, हात धुतले आणि मग बराच वेळ ते हात पुसतच राहिला. मी लॅबमधली. त्याने काही सांगायच्या आधी मला कळलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मला लांबवता येत नाही. गाठ मोठी झाली होती, यकृतापर्यंत गेली होती. ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची पिशवी आली. पिशवीचा आवाज होईल म्हणून बाबा भाचीच्या लग्नात मांडवाबाहेर बसून राहिले. २००६ च्या पावसाळ्यात ते गेले.

एवढ्या वर्षांत मी हा आजार, म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर, वाचून, विचारून समजून घेतला. आणि जितका समजला तितकी माझी चिडचिड वाढली, कारण हा आजार वेळ देतो. मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी लहान कोंब येतात, त्यांना पॉलिप म्हणतात. पावसाळ्यात वारुळाजवळ सात्या, म्हणजे अळंबी, उगवतात ना, काहीशा तशाच दिसतात, देठावर टोपी असलेल्या. बहुतेक पॉलिप काहीच करत नाहीत. काही मात्र वाढत जातात आणि त्यांतल्या एखाद्याचा कॅन्सर व्हायला सहसा दहाएक वर्षं लागतात. या वर्षांत ते दुखत नाहीत. पण अधूनमधून थेंबभर रक्त सोडतात, डोळ्यांना न दिसणारं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत असा पॉलिप दिसला तर बहुतेकदा तिथेच, त्याच बैठकीत काढून टाकता येतो. तपासणी आणि उपचार एकाच वेळी. किती आजारांच्या बाबतीत असं म्हणता येतं? अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की गाठ आतड्यापुरतीच असताना सापडली तर शंभरातले ९० च्या आसपास रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडली तर १५ च्या आसपास. बाबा त्या दुसऱ्या गटात गेले. हाच हिशेब मी मनात पुन्हा पुन्हा मांडत असते.

जगात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरचे १९ लाखांवर नवे रोगी सापडले आणि सुमारे ९ लाख माणसं गेली. आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे खरं आहे आणि ते लपवून मला कुणाला घाबरवायचं नाही. पण आपल्याकडे तो उशिरा सापडतो आणि चाळिशीच्या आतबाहेरची माणसंही त्यात असतात. "आपल्यात नसते ते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की बाबांच्या पायजम्याची नाडी आठवते.

तपासणीची गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे, कारण ते माझं काम आहे.

मी शिकत होते तेव्हा शौचातलं न दिसणारं रक्त शोधायला बेंझिडीन वापरायचे. थोडं शौच, त्यात ॲसेटिक ॲसिडमधलं बेंझिडीन, वरून हायड्रोजन पेरॉक्साइड. हिरवा-निळा रंग आला की रक्त आहे. रोग्याला तीन दिवस मटण बंद, काही भाज्या बंद, कारण त्यांनीही रंग यायचा. आणि ते बेंझिडीन स्वतःच मूत्राशयाचा कॅन्सर करणारं रसायन. आमचे सर आम्हाला ओरडून सांगायचे, तोंडाने पिपेट ओढू नका. आता तो त्रास राहिला नाही. फिट नावाची तपासणी फक्त माणसाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ओळखते. सावजीचं मटण खाल्लेलं असो की पालक, फरक पडत नाही. लहान बाटली असते, तिच्या झाकणाला आतून काडी, काडीला बारीक खाचा. त्या खाचांत लागेल एवढंच शौच पुरतं. काडी परत बाटलीतल्या पाण्यात घालायची, हलवायची. कार्डावर दोन-तीन थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर रक्त सापडलं नाही. दोन आल्या तर सापडलं. गर्भ राहिल्याची चाचणी घरी केलेल्या बायकांना ते कार्ड लगेच समजतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये ४६ हजारांवर माणसांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला होता, १९९३ मध्ये त्याचे आकडे आले. जुन्याच पद्धतीची शौचतपासणी दरवर्षी करणाऱ्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने घटले होते. जपानने १९९२ पासून चाळिशीपुढच्या लोकांसाठी शौचातल्या रक्ताची तपासणी सरकारी पातळीवर सुरू केली. अमेरिकेत पूर्वी पन्नाशीला सुरुवात करा म्हणायचे, २०२१ पासून ४५ म्हणतात. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तीन कॅन्सरची तपासणी आहे: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. ते बरोबरच आहे. ज्या शहरात पानठेल्यावर दिवसभर खर्रा घोटला जातो तिथे तोंडाची तपासणी आधी हवीच. पण आतडं त्या यादीत नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आणि माहिती आहे तो फुल बॉडी चेकअपमध्ये ही तपासणी करून घेतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्यापर्यंत ती पोचवायला कुणी बांधील नाही.

म्हणून मी गेली काही वर्षं रविवारी वस्त्यांमध्ये जाते. पाचपावली, टेका नाका, इंदोऱ्याच्या बाजूला, कधी आमच्याच जुन्या गल्लीत. संस्था वगैरे नाही. मी, माझी एक मैत्रीण आणि त्या त्या भागातली आशाताई.

पहिल्या सभेला मी पोस्टर घेऊन गेले होते. आतड्याचं रंगीत चित्र आणि वर मोठ्या अक्षरांत कॅन्सर. विहारात तीसेक बाया जमल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी शुगर, बीपी, गुडघे यांवरचे प्रश्न विचारले. परतताना आशाताई म्हणाली, "ताई, तुम्ही त्या मोठ्या आजाराच्या नावानंच सुरू करता. तिथंच त्याहिचे कान बंद होते. मूळव्याधीपासून सुरू करा ना." आठवीपर्यंत शिकलेली बाई. तिने मला माझा विषय शिकवला.

पुढच्या रविवारी मी विचारलं, तुमच्या घरात कुणाकुणाला मूळव्याध आहे? निम्म्या बायांचे हात वर गेले. मग विचारलं, ती मूळव्याधच आहे हे कुणी पाहून सांगितलं? हात हळूहळू खाली यायला लागले. शेवटी दोनच राहिले. त्या दिवसापासून मी बोलायची सुरुवात इथूनच करते. मूळव्याध खूप जणांना असते आणि रक्त पडणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे मी आधी सांगते. पण नाव आधी ठेवायचं आणि पाहायचं नाहीच, हे चालणार नाही. आधी पाहायचं. मूळव्याध असलेल्या माणसालाही वर दुसरं काही असू शकतं.

भाषा ही मोठी अडचण आहे. आमच्या फॉर्मवर 'शौच' छापलेलं असतं. वस्तीत शौच कुणी म्हणत नाही. म्हाताऱ्या 'परसाकडे' म्हणतात, बाया 'दोन नंबर', बाकी सगळे संडास. मी संडासच म्हणते, माइकवरून म्हणते. पहिल्यांदा पदर तोंडाला जातात, दुसऱ्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा कुणीतरी विचारते की काळी होते ती कशानं. ती बाई एकदा बोलली की मग दार उघडतं.

नमुना कसा घ्यायचा हे दाखवायला मी घरून कणकेचा गोळा मळून नेते. वर्तमानपत्राच्या कागदावर तो ठेवते आणि काडी त्यात तीन-चार वेगवेगळ्या जागी खुपसून दाखवते, कारण रक्त एकाच जागी असेल असं नाही. बाया हसतात. हसू द्यावं. पण मग प्रत्येक जण स्वतः काडी घेऊन करून पाहते आणि जास्तीचं पीठ काडीवरून निपटून काढायला मला सांगावं लागत नाही, रोजच्या हातांना ते येतंच. खरी अडचण पुढची आहे. नमुना पाण्यात पडायला नको आणि आपले संडास पाण्याचे. घरी असेल तर कागद अंथरता येतो. पण जिथे दहा घरांना एक संडास आहे, बाहेर रांग आहे आणि दार वाजवणारी शेजारीण आहे, तिथे कागद अंथरून, काडी बाटलीत घालून, कागद गुंडाळून बाहेर यायचं, हे लिहायला सोपं आहे. एका मावशीने यावर तोडगा काढला. पहाटे चारला जायचं, तेव्हा रांग नसते. आता मी तिचंच उत्तर दुसऱ्या वस्त्यांत सांगते.

तीच मावशी. चार घरची धुणीभांडी करायची, वय ५६. वर्षभर दम लागत होता. हिमोग्लोबिन सात. आपल्याकडे बाईचं रक्त कमी असलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या. त्यात विदर्भ म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पट्टा. तिची सिकलसेलची तपासणी झाली, तो आजार नव्हता. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या त्या आठ महिने. पण ५६ वर्षांच्या बाईची पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. तिचं रक्त जात कुठे होतं, हे विचारायला हवं होतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ असंच करते, बाहेर लाल काही दिसत नाही, माणूस नुसता फिका पडत जातो. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, त्यामुळे रंगावरून काही कळायची सोयही गेली. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी असेल तर गोळ्या द्याव्यात, जरूर द्याव्यात, पण त्याबरोबर पोटाची तपासणी व्हायला हवी. मला हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहून लावावंसं वाटतं.

मावशीच्या कार्डावर दोन रेघा आल्या. दुसरी रेघ फिकी नव्हती, ठसठशीत होती. मी पाच मिनिटांनंतरही ते कार्ड हातात घेऊन बसले होते.

दोन रेघा म्हणजे कॅन्सर नाही, हे तिला समजावलं. पुढे दुर्बीण लागेल, हेही. आणि तिथे तिचा पहिला प्रश्न आला, जो कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचला नव्हता: "रातभर संडासले कुठी जाऊ?" कोलोनोस्कोपीच्या आधी आतडं स्वच्छ लागतं. त्यासाठी पुडीचं औषध दोन लिटर पाण्यात विरघळवून थोडं थोडं प्यायचं असतं. मग दहा-पंधरा वेळा जावं लागतं, शेवटी नुसतं पाणी यायला हवं. तिच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला रात्री कुलूप लागायचं, ते पहाटेच उघडायचं. दिवा नव्हता. ५६ वर्षांची, सात हिमोग्लोबिनची बाई अंधारात पंधरा चकरा मारणार कशी? आपण म्हणतो, लोक तपासणीला येत नाहीत, अडाणी आहेत, घाबरतात. तिच्याकडे अडाणीपणा नव्हता, भीतीही फारशी नव्हती. तिच्याकडे संडास नव्हता.

ज्यांच्याकडे ती भांडी घासायची त्यांतल्या एका बाईंनी तिला त्या रात्री आपल्या घरी ठेवून घेतलं. स्वतः जागून ग्लास भरून दिले. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. उजव्या बाजूला गाठ होती, पण आतड्याबाहेर गेली नव्हती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं, पिशवी लागली नाही. सहा महिन्यांनी ती मला इतवारीत भाजी घेताना भेटली. हातातली कोथिंबिरीची जुडी तिने माझ्या पिशवीत घातली आणि पैशांवरून भाजीवाल्याशी भांडत राहिली.

योजनेचं कार्ड मोठा आधार आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यातून होतात. पण ते कामाला येतं आजार सापडल्यावर. सापडेपर्यंतचा रस्ता माणसाला स्वतःच्या रोजीतून चालावा लागतो. सकाळी चिठ्ठीची रांग, दुपारी डॉक्टर, तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात, मग अहवाल. प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी जाते. हातगाडी ओढणारे एक काकाजी आमच्याकडे पानठेल्यावर आले होते. पुरुष सभेला येत नाहीत, म्हणून आम्ही संध्याकाळी पानठेल्याशी उभे राहतो. त्यांना रक्त दिसत होतं, तीन महिने. डोळ्यांना रक्त दिसत असेल तर कार्डाची वाट पाहायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "पोरीचं जमून राहिलं पोरी. आता मले काई सापडलं तं पाव्हणे परत जातीन." मी पुष्कळ बोलले. ते मान डोलावत राहिले. लग्न झालं की येतो म्हणाले. मी त्यांच्या गल्लीत दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा गाडी दुसराच कुणी ओढत होता.

हे लपवणं मला सगळ्यांत जास्त छळतं. कारण या आजारात घराण्याचा इतिहास लपवायचा नसतो, तो सांगायचाच असतो. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीत, किंवा त्या माणसाला ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी असं डॉक्टर सांगतात. बाबांचं सापडलं तेव्हा ते साठीला आले होते, म्हणजे माझ्यासाठी चाळिशी. मी २०१५ मध्ये करून घेतली. एक लहान पॉलिप निघाला, काढून टाकला. मी ते नात्यातल्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. दोन आत्यांनी फोन ठेवून दिला. आणि दादाने मला सांगितलं, माझ्या पोरांच्या पुढे हा विषय काढायचा नाही.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. बाबांच्याच घरात राहतो, मागाच्या खोलीत आता भाडेकरू आहेत आणि मागच्या अंगणातला संडास दोन्ही घरांत एकच आहे. दहा वर्षं मी त्याच्या मागे लागले होते. दरवर्षी मार्चमध्ये, या आजाराच्या जनजागृतीचा म्हणून जगभर जो महिना पाळतात त्यात, मी त्याला बाटली नेऊन द्यायची आणि तो ती फ्रिजवर ठेवून द्यायचा. या वर्षी जुलैमध्ये त्याचा स्वतःचा फोन आला. तारीख घेतली आहे, म्हणाला. तयारीला तुझ्याकडे येऊ का?

तो पिशवीत लुंगी आणि दात घासायचा ब्रश घेऊन आला. मी सकाळपासून त्याला पातळ खिचडी आणि ताकावर ठेवलं. संध्याकाळी पहिलं लिटर तयार केलं. चव वाईट असते, म्हणून लिंबू पिळून दिलं, रंग असलेलं सरबत द्यायचं नसतं. ग्लासामागून ग्लास प्यायला, तोंड वाकडं करत, लहानपणी एरंडेल प्यायचा तसाच. मग चकरा सुरू झाल्या. अकरापर्यंत सात झाल्या. मी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून पडले होते, बाथरूमचा दिवा लागायचा, विझायचा.

दोनच्या सुमारास तो बाहेर येऊन माझ्या शेजारी खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मले माहीत होतं."

मला वाटलं तपासणीचं म्हणतो आहे.

"बाबाचं. पयल्या दिवशीपासून माहीत होतं. मी पाहिलं होतं थे रक्त. बाबा बकेट ओतून राह्यले होते. मले म्हणे, कोणाले सांगू नोको. अन् तुले तं बिलकुलच सांगू नोको म्हणे. थे लॅबवाली आहे, थे तपासाले लावते."

पंख्याचा आवाज येत होता. मी २१ वर्षं समजत होते की बाबांची बाटली माझ्या टेबलावर आली नाही कारण मला सुचलं नाही. बाबांनी ती येऊ दिली नव्हती, आणि ते ओझं दादाने एकट्याने वागवलं होतं. फ्रिजवर साठत गेलेल्या त्या बाटल्या मला एकदम दिसल्या.

"मी पाच-सहा महिने गप राह्यलो," तो म्हणाला. "मंग आईनंच पाहिलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने ओली होती. काही बोलावं असं मला सुचलं नाही आणि तोही उत्तराची वाट पाहत नव्हता. तेवढ्यात त्याला पुन्हा जावं लागलं.

चारला दुसऱ्या लिटरची वेळ होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पुडी फोडली, पाण्यात घातली आणि तळाशी गुठळी राहणार नाही एवढं ढवळत राहिले.